अंककोड्यासाठी ओळी निवडताना

इंग्रजी वर्तमानपत्रांच्या कोड्याच्या पानावर एक खेळ असतो. एखादं गाजलेलं वाक्य घ्यायचं, त्यातल्या प्रत्येक अक्षराच्या जागी अंक छापायचा, एका अक्षराला सगळीकडे तोच अंक, आणि वाचकाने तर्क करत मूळ वाक्य शोधायचं. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला आमच्या उपनगरातल्या वाचनालयाने हा खेळ मराठीत आणायचं ठरवलं. छोटी पुस्तिका, पानावर एक कोडं, मागे उत्तरं, किंमत नाममात्र. चौकटी आखायला आणि छपाई बघायला माणसं होती. ओळी निवडायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते आनंदाने घेतलं, कारण ओव्या, अभंग, कविता उतरवून ठेवायची सवय मला शाळेपासून आहे. वह्या भरलेल्या आहेत. त्यातल्या चांगल्या ओळी उचलल्या की झालं, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात चांगली ओळ आणि कोड्यात चालणारी ओळ यांची गाठ फार थोड्या वेळा पडते.

आधी अंक कशाला द्यायचा हे ठरवावं लागलं, कारण सगळी निवड त्यावरच अवलंबून होती. इंग्रजीत २६ अक्षरं. आपल्याकडे ळ धरून नुसती व्यंजनंच ३४. त्यांची बाराखडी केली की चारशेच्या वर अक्षरं होतात, जोडाक्षरं आणखी वेगळी. मी तुकोबांचा 'जे का रंजले गांजले' घेऊन बसले. 'देव तेथेचि जाणावा'पर्यंत चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरं, एकूण ३२. बाराखडीतल्या प्रत्येक अक्षराला वेगळा अंक दिला तर या ३२ घरांत २७ वेगवेगळे अंक येतात. 'ले' तीनदा, 'ज', 'चि' आणि 'वा' दोनदोनदा, बाकी सगळी एकेकदाच. म्हणजे तर्काला जागाच उरत नाही. ज्याला अभंग पाठ आहे तो लिहून मोकळा होणार, ज्याला नाही तो पान उलटणार.

म्हणून अंक फक्त व्यंजनाला दिला. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार सगळं उघडं ठेवलं. अ, आ, इ, ओ असे सुटे स्वरही जसेच्या तसे. जोडाक्षर असेल तर एकाच घरात दोन अंक, मध्ये बारीक अधिकचिन्ह. क्ष आणि ज्ञ यांना आपण लहानपणापासून स्वतंत्र अक्षरं म्हणूनच ओळखतो, म्हणून त्यांना एकेकच अंक. नुसती मात्रा टाइप केली की संगणक तिच्या पोटात ठिपक्यांचं वर्तुळ काढतो. आमच्या मांडणी करणाऱ्या मुलाने ते वर्तुळच घर म्हणून वापरलं आणि त्यात अंक बसवला. हे सुंदर दिसलं. या पद्धतीने त्याच अभंगात व्यंजनं ३२, पण अंक १९ झाले. त्यातही १२ व्यंजनं एकेकदाच येतात, तरी मात्रा दिसत असल्याने शब्दाचा चेहरा ओळखू येतो.

एकेकदाच येणारी व्यंजनं किती, हेच पुढे माझं मुख्य माप झालं. चौकटीच्या वहीत वर क ते ळ लिहायचे, खाली प्रत्येक ओळीच्या खुणा करायच्या. जे व्यंजन एकदाच येतं त्याला दुसरीकडून आधार मिळत नाही. तिथे अंदाजच करावा लागतो. अशी घरं थोडी असली तर मजा येते, फार झाली तर कोडं अर्ध्यावर सुटतं आणि अर्धं लटकून राहतं.

वाचनालयाच्या सभासदांनी सुचवलेल्या ओळींचा एक गठ्ठा आमच्या ग्रंथपाल मॅडमनी माझ्या हाती दिला. त्यात म्हणी बऱ्याच होत्या. 'अति तेथे माती', 'थेंबे थेंबे तळे साचे'. म्हणी आटोपशीर असतात म्हणून तर टिकतात, आणि त्याच कारणाने त्या या खेळात चालत नाहीत. दहा-बारा व्यंजनांत अंकांची एकमेकांना ओळखच होत नाही. फार लांबही नको. लहान अक्षरात दोन पानं पसरलेलं कोडं ज्येष्ठ मंडळी सोडवत नाहीत. दोन ते सहा चरण, किंवा गद्य असेल तर एक-दोन वाक्यं, एवढ्यात जे सांगायचं ते पूर्ण झालं पाहिजे. अर्धवट तोडलेली ओळ मला कोड्यात नको होती. घरं भरून झाल्यावर हातात काहीतरी पुरं आलं पाहिजे.

या मापावर जी ओळ पहिल्याच मोजणीत लखलखून उठली ती जोतीराव फुल्यांची. 'शेतकऱ्याचा असूड'च्या सुरुवातीचं ते प्रसिद्ध वचन: 'विद्येविना मति गेली, मतिविना नीति गेली, नीतिविना गति गेली, गतिविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले.' व्यंजनं ५७ आणि अंक फक्त १४. त ११ वेळा, व आणि न नऊनऊ वेळा, ग आणि ल सहासहा वेळा. एकेकदा येणारी चारच: श, ख, च, थ. एका शब्दाचा शेवट पुढच्या तुकड्याची सुरुवात होतो, त्यामुळे 'विना' सापडलं की साखळीची एकेक कडी आपोआप सुटत जाते. बरं, हे निव्वळ अंकांचं सुख नाही. फुल्यांनी कार्यकारणाची जी माळ गुंफली आहे तीच सोडवणाऱ्याच्या हाताने पुन्हा गुंफली जाते: मती गेली म्हणून नीती, नीती गेली म्हणून गती. घरं भरताना माणूस त्या युक्तिवादातून एकेक पाऊल चालतो. भिंतीवर रंगवलेलं हे वचन आपण किती वेळा न वाचता ओलांडलं आहे! सभासदांपैकी एकांना वाटलं की इतक्या गंभीर शब्दांचा खेळ करू नये. मला ते पटलं नाही. ज्या वचनाची रचनाच वाचणाऱ्याला पायरी पायरीने नेण्यासाठी केली आहे, त्याच्यासाठी याहून योग्य कोडं मला सुचत नाही. ते पुस्तिकेत राहिलं, आणि पहिल्या काही पानांतच राहिलं.

सोडवणाऱ्याला शिरकाव कुठून मिळतो याचाही विचार करावा लागतो. मराठी गद्यात काही शब्द दारं उघडून देतात. सुटा आ आणि पुढच्या घरावर मात्रा दिसली की 'आहे'. सुटा आ आणि पुढे पहिली वेलांटी, तर 'आणि'. शेवटी प्रश्नचिन्ह असलं तर आणखी सोपं. लोकमान्य टिळकांचा १८९७ चा, पुण्यातल्या प्लेगच्या काळातला केसरीतला मथळा मी याच कारणाने निवडला: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' व्यंजनं १५च, तरी तो सुटतो, कारण सुरुवात शेवटाकडून करता येते. 'आहे' लगेच दिसतं, त्यातून ह मिळाला. शेवटचा शब्द दोन घरांचा, पहिल्यावर काना, पुढे प्रश्नचिन्ह: 'काय'. आता क हातात आला आणि तो एकदम तीन ठिकाणी जाऊन बसतो. पहिल्या शब्दाच्या मधल्या घरात 'का', दुसऱ्याच्या शेवटी 'के', तिसऱ्याच्या दुसऱ्या घरात 'का'. पहिल्या शब्दात या 'का'च्या दोन्ही बाजूंना एकच अंक आहे. तेवढ्यावर 'सरकारचे' वाचता आलं की र मिळतो, आणि तो 'ठिकाणावर'च्या टोकाला जातो. प्रत्येक पायरीला कारण आहे, कुठेही अंधारात हात घालावा लागत नाही.

या मथळ्यावर चर्चा झाली. आजच्या राजकारणाशी कुणी जोडेल, वाचनालयाला त्रास नको, असं एकदोघांचं म्हणणं. ते म्हणणं मी हलकं समजत नाही. संस्था चालवणाऱ्यांना सगळ्यांना धरून राहावं लागतं. पण हे वाक्य ज्या सरकारला विचारलं होतं ते कोणतं, कधी, कशासाठी, हे उत्तराच्या पानावर सालासकट छापलं तर गैरसमजाला वाव राहत नाही. आणि मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात इतका नेमका प्रश्न फार थोड्या वेळा विचारला गेला आहे. शेवटी सगळ्यांच्या संमतीने तो घेतला.

गद्याला दारं असतात, पण गद्य बहुतेक अलीकडचं, आणि अलीकडचं म्हटलं की हक्कांचा प्रश्न. पुस्तिका विकायची होती, म्हणून इथे मी कडक राहिले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून ६० वर्षं स्वामित्व हक्क राहतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती. १९९२ मध्ये ती वाढली. मराठी भाषा गौरव दिन ज्यांच्या जन्मदिवशी साजरा होतो त्या कुसुमाग्रजांच्या ओळी सगळ्यात जास्त लोकांनी सुचवल्या होत्या. त्यांचं निधन १९९९ चं, म्हणजे हक्क २०५९ अखेरपर्यंत. दोन ओळी उद्धृत करायला कायद्यात काही वाव असतो, हे मला माहीत आहे. पण समीक्षेत दोन ओळी देणं वेगळं आणि विकायच्या कोड्याचं मूळ सामान म्हणून त्या वापरणं वेगळं. त्यांच्या दिवशी त्यांच्याच ओळी नाहीत, ही रुखरुख होती. पुस्तिकेच्या सुरुवातीला त्यांचं स्मरण केलं आणि तिथेच थांबलो.

संतवाङ्मय सगळं मोकळं, असाही एक समज असतो. तुकडोजी महाराजांच्या 'ग्रामगीते'तल्या ओव्या विदर्भातल्या एका सभासदांनी प्रेमाने लिहून आणल्या होत्या. महाराजांचं निधन १९६८ चं, म्हणजे २०२८ अखेरपर्यंत थांबायला हवं. त्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग पुढच्या पुस्तिकेसाठी जपून ठेवा, ताई." त्या ओव्या मी जपून ठेवल्या आहेत. उलट बाजूने साने गुरुजी मोकळे झाले आहेत. ते १९५० मध्ये गेले, आणि 'श्यामची आई'मधलं साधं, घरगुती गद्य या खेळाला फार मानवतं. मनाला घाण लागू नये म्हणून जप, असं आई श्यामला सांगते ते वाक्य शाळांच्या फळ्यांवर किती वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असतं! आम्ही पुस्तक उघडून अक्षरन् अक्षर उतरवून घेतलं.

हे 'पुस्तक उघडून' माझ्यासाठी या सगळ्या कामाचा गाभा होतं. नुसत्या वाचण्यात एक अक्षर इकडेतिकडे झालं तरी अर्थ निभावतो. कोड्यात प्रत्येक घराला अंक असतो, आणि ते अक्षर चुकीचं असेल तर वाचकाचा तासभराचा तर्क आपण फसवतो. म्हणून नियम एकच ठेवला: छापील प्रतीतला पत्ता मिळाला तरच ओळ आत. फोनवर फिरणारी, मोठ्या लेखकांची नावं खाली चिकटवलेली गोड वाक्यं या एका नियमाने सगळी गळाली, आणि ती गळाली याचं मला समाधान वाटलं.

पत्ता शोधायला लागल्यावर पाठ असलेल्या ओळीही वेगळ्या दिसू लागतात. 'महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळी वाचती' हे आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे, आणि बहुतेकांना ते 'लहानपण देगा देवा'चं पुढचं कडवं वाटतं. गाथेत तो अभंग निराळा आहे. 'नीचपण बरवे देवा । न चले कोणाचाही दावा ॥' अशी त्याची सुरुवात, आणि पुढे 'महापुरे झाडे जाती । तेथे लव्हाळे राहाती ॥' शब्द 'राहाती' आहे. आमच्या कोड्यात मात्रा उघड्या असल्याने याचा छान उपयोग झाला. ज्याच्या डोक्यात 'वाचती' आहे त्याला मधल्या घरावर काना दिसतो आणि तो थबकतो. शिवाय त्या घरातला अंक आधीच्या 'महापुरे'मधल्या ह चा असतो. कोडंच त्याला गाथेकडे नेतं, कुणी दुरुस्त करायला बसावं लागत नाही.

'दिसामाजी काही तरी ते लिहावे । प्रसंगी अखंडित वाचीत जावे' ही ओळही अशीच. वाचनालयाच्या पुस्तिकेत ती नसेल तर कुठे असेल? सुचवणाऱ्यांनी खाली 'दासबोध' लिहिलं होतं. पण दासबोध ओवीत आहे आणि ही ओळ उघडउघड भुजंगप्रयातात चालते. चालीवर म्हणून बघितली तरी कळतं. समर्थांचं नाव ठेवलं, दासबोध काढला. 'मरावे परी कीर्तिरूपे उरावे' हीसुद्धा समर्थांच्या नावाने आली होती. तिच्याऐवजी आम्ही मनाच्या श्लोकांतला आठवा श्लोक घेतला: 'देहे त्यागिता कीर्ति मागे उरावी । मना सज्जना हेचि क्रीया धरावी ॥' विचार तोच, आणि पत्ता पक्का. 'क्रीया' दीर्घ बघून मुद्रितशोधन करणाऱ्या सरांनी लाल पेन काढलं. वृत्तासाठी तो दीर्घ आहे, ऱ्हस्व केला तर श्लोक लंगडतो, हे म्हणून दाखवल्यावर त्यांनी पेन टोपणात घातलं.

शुद्धलेखनाचा हा मुद्दा मला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ खाणारा ठरला, कारण आमच्या खेळात ऱ्हस्व-दीर्घ छापलेलेच असतात. तेच वाचकाचे दिवे. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत याची सोय आहे. केशवसुतांच्या पूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचं गद्य मुळाप्रमाणे छापावं, त्यानंतरचं आजच्या नियमांप्रमाणे, असं त्यात सांगितलं आहे. वृत्तासाठी कवीला ऱ्हस्व-दीर्घाचं स्वातंत्र्यही आहे. पण मुळाप्रमाणे म्हणजे गाथेतले सगळे न उच्चारले जाणारे अनुस्वारही आले: 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें'. तरुण सोडवणाऱ्यांना ते टिंब उच्चारातलं वाटतं आणि ते भलतीकडे शोधत बसतात. म्हणून कोड्याच्या चौकटीत हे अनुस्वार गाळले आणि उत्तराच्या पानावर ओळ गाथेप्रमाणे सगळ्या अनुस्वारांसकट छापली. पहिल्या पानावर तसं स्पष्ट सांगितलं. फुल्यांचं लेखन १८८३ चं, म्हणजे चिपळूणकरांनंतरचं. नियम लावायचा तर 'मती, नीती, गती' दीर्घ हवं. तिथे मात्र मी मूळ ऱ्हस्व ठेवण्याचा आग्रह धरला. 'मति' आणि लगेच 'मतिविना', दोन्हीकडे तीच पहिली वेलांटी, यावर साखळीचं जुळणं उभं आहे.

बालकवींच्या बाबतीत नियम आणि कान दोन्ही एकाच बाजूला होते. 'श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे, क्षणात येते सरसर शिरवे क्षणात फिरुनी ऊन पडे'. पहिला तुकडा १६ मात्रांचा, दुसरा १४ चा. 'चोहीकडे' किंवा 'फिरूनी' केलं की एक मात्रा वाढते. ही ओळ कोड्याला उत्तम आहे, कारण 'क्षणात' दोनदा, 'सरसर'मध्ये दोन अंक आळीपाळीने. चौकटीतच सर ओतल्यासारखी दिसते. लहान मुलांना मी पहिल्यांदा हेच पान देते.

बहिणाबाईंच्या ओळीवर मात्र मी सगळ्यात जास्त रमले. त्यांचं निधन १९५१ चं, संग्रह त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये आला, त्यामुळे मुदत प्रकाशनापासून मोजली तरी २०१२ अखेर संपली. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर'. अनेक ठिकाणी ही ओळ 'तेव्हा मिळते भाकर' अशी सुधारून छापलेली असते. लेवा बोलीत ळ चा य होतो, तो पुसून टाकायला कुणाला काय अधिकार? आमच्यापुढे प्रश्न असा होता की खानदेशाबाहेरच्या वाचकाला 'मियते' सुचेल कसं. उत्तर ओळीतच होतं. 'चुल्ह्यावर'मधल्या जोडाक्षराच्या घरात तीन अंक येतात. त्यातले ल आणि ह 'हाताला'वरून आधीच मिळालेले असतात. तिसऱ्या जागी य सोडून दुसरं काही बसतच नाही. आणि तोच अंक पुढे 'मि' आणि 'ते'च्या मध्ये उभा असतो. कवयित्रीची बोली तिच्याच ओळीतून सिद्ध होते.

छापण्याआधी कोडी सोडवून बघायला आम्ही दुपारी वाचनालयात बसणाऱ्या मंडळींना दिली. या पानावर दोघंतिघं 'मिळते' लिहून पुढे गेले, मग 'चुल्ह्यावर'पाशी अडून परत आले, खोडलं, आणि एकमेकांना दाखवू लागले. भुसावळकडच्या एक आजी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून पान बघितलं आणि म्हणाल्या, "काय गं पोरी, हे तं आमच्या घरचंच बोलणं. यात अडकायचं काय?" त्यांनी अख्खं कडवं एका दमात म्हटलं, 'मियते'वर हलकासा जोर देत. मग बाकीच्यांनी त्यांना पुढची कडवी म्हणायला लावली आणि कोड्यांची चाचणी तेवढ्यापुरती बाजूला राहिली.

त्यांच्या म्हणण्याने एक अडचणही समोर आली. पाठ असलेली ओळ कोडं राहत नाही. पहिले दोन शब्द ओळखले की लोक आठवणीने घरं भरतात. यावर उपाय म्हणून मी अवघड भागात गाजलेल्या अभंगांची पुढची कडवी घेतली. 'जे का रंजले'मधलं 'मृदु सबाह्य नवनीत । तैसे सज्जनांचे चित्त ॥ ज्यासि अपंगिता नाही । त्यासि धरी जो हृदयी ॥' हे आपण गाताना म्हणतो, पण आठवायला सांगितलं तर ओठांवर येत नाही. सापडल्यावर ओळखीचं वाटतं, सापडेपर्यंत अनोळखी असतं, हेच मला हवं होतं. नाममुद्रेचंही असंच. 'तुका म्हणे' एकदा चौकटीत आलं की त, क, म, ह, ण अशी पाच व्यंजनं फुकटात मिळतात; 'एका जनार्दनी'मध्ये क, ज, न, र, द. सोप्या कोड्यांत नाममुद्रेचा चरण मुद्दाम ठेवला, अवघड कोड्यांत मुद्दाम टाळला. नाव सांगायचं नाही असं ठरवलेल्या पानांवर तर ते टाळावंच लागतं.

यमक हा आणखी एक प्रामाणिक आधार. चोखोबांचं 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा ॥' बघा. 'डोंगा' दोनदा येतो, आणि शेवटचं घर 'रंगा'शी जुळतं: तोच अंक, तोच काना, आधी तेच टिंब. 'डोंगा' म्हणजे वाकडा, हा शब्द आज बोलण्यात नाही, तरी यमकाच्या दोरीला धरून माणूस तिथे पोचतो, आणि नंतर विचारतो की हे डोंगा म्हणजे काय. मुक्तछंदातल्या ओळींना हा आधार नसतो, म्हणून हक्क मोकळे असते तरी त्या मी थोड्याच घेतल्या असत्या.

पसायदान आम्ही घेतलं नाही. मोजणीत ते चांगलं बसत होतं, पण एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "ती प्रार्थना आहे हो, ती तोडून घरात भरू नये." मला वाद घालावासा वाटला नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातले 'ऐसी अक्षरे रसिके मेळवीन' हे शब्द मुखपृष्ठावर घेतले, कोडं न करता. मुक्ताबाईंचं 'मुंगी उडाली आकाशी । तिने गिळिले सूर्यासी ॥' मात्र मुलांच्या भागात दिलं. तर्काने घरं भरत जावं आणि शेवटी मुंगीने सूर्य गिळलेला निघावा, याने मुलं इतकी खूश होतात की उत्तर बरोबर आहे ना, हे विचारायला थेट टेबलापाशी येतात.

उत्तरांची पानं मी सगळ्यात शेवटी केली, आणि ती कोड्यांच्या पानांइतकीच भरली. प्रत्येक उत्तराखाली पूर्ण अभंग किंवा कविता, कुणाची, कोणत्या ग्रंथातली, कोणती प्रत वापरली. तुकोबांसाठी शासनाने १९५० मध्ये काढलेली गाथा. जुन्या शब्दांचे अर्थ दोन-दोन ओळींत. खर्च वाढतो म्हणून नुसती उत्तरं छापावीत असं आधी ठरत होतं. मॅडम माझ्या बाजूने उभ्या राहिल्या आणि जादा पानं मंजूर झाली. आता उन्हाळ्याच्या सुटीसाठी म्हणींची वेगळी जोडणी करून बघतो आहोत: एका विषयावरच्या चार-पाच म्हणी एकाच चौकटीत, सगळ्यांना मिळून एकच अंकसूची, म्हणजे एकीतलं व्यंजन दुसरीला सोडवेल. पहिल्या गटाला पाऊसपाण्याच्या म्हणी काढल्या आहेत; त्यात झ आणि ढ अजून एकेकदाच येतात, त्यांना जोडीदार शोधतो आहोत.